बर्फात उतरलेला बेडूक

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत संध्याकाळी सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली की समजायचं, वसुताई भाजी घेऊन परत आल्या. त्यांच्या गाडीचा आवाज आधी कुत्र्यांना कळायचा, मग आम्हाला. घशात कफ अडकलेल्या वाघासारखा आवाज. गेटातून ती हिरवीगार, बुटकी, दोन सीटची, टप उघडणारी परदेशी स्पोर्ट्स कार आत यायची, आणि तिच्यातून कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या वसुताई आधी उजवा पाय, मग डावा, मग मेथीची जुडी अशा क्रमाने बाहेर यायच्या.

सोसायटीतल्या मुलांनी गाडीचं नाव 'बेडूक' ठेवलं होतं. वसुताईंना ते इतकं आवडलं की पुढे त्या स्वतःच म्हणायला लागल्या, "आज बेडकाची तब्येत बरी नाही. जरा खोकतोय."

वसुधा नाईक. एका विमा कंपनीत सगळी नोकरी मोटार क्लेमच्या विभागात काढली. म्हणजे लोकांनी आपापल्या गाड्या कशा कशा आपटल्या, हे वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. का, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, सगळे कागद नीट तपासायची सवय. एकही प्रपोजल पास होईना." त्यांच्या बोलण्यात ऑफिस असं मधूनमधून डोकवायचं. माझ्या नवऱ्याला त्या तोंडावर 'थर्ड पार्टी' म्हणायच्या. तोही हाकेला ओ द्यायचा.

क्लेमचे किस्से सांगायला बसल्या की चहा गार व्हायचा. एका गृहस्थांनी लिहून दिलं होतं, की माझी गाडी रस्त्याच्या कडेला शांत उभी असताना एका म्हशीने येऊन तिला धडक दिली. फोटोत गाडी नाल्यात, चारही चाकं वर. "मी त्यांना बोलावलं," वसुताई सांगायच्या. "म्हटलं, अहो, म्हशीने धडक दिली की कुस्ती खेळली? बिचारे लाजले. गाडी कधी खोटं बोलत नाही गं. मालक बोलतो."

निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक बद्रीकेदार करतात, फ्लॅटला नवीन टाइल्स बसवतात. वसुताई एका सकाळी रिक्षा करून अंधेरीला गेल्या आणि येताना बेडूक घेऊन आल्या. सिनेमात पैसा घालून हात पोळलेला कोणी एक गृहस्थ तो विकायला बसला होता. इतकी वर्षं असल्या गाड्या त्यांनी फक्त चेपलेल्या अवस्थेत, फोटोत पाहिलेल्या. "एकदा धडधाकट बघावी म्हटलं," एवढंच स्पष्टीकरण.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये या गाडीवरून जे झालं, ते अजून लोक सांगतात. सेक्रेटरींनी गेटाशी नवा स्पीडब्रेकर घातला आणि बेडकाचं पोट त्याला घासायला लागलं. वसुताई मेजरिंग टेप घेऊन मीटिंगला आल्या.

"हा स्पीडब्रेकर नाही, हा डोंगर आहे," त्या म्हणाल्या. "मापात करा, नाहीतर पहिला क्लेम माझा."

सेक्रेटरी जरा हसून म्हणाले, "मॅडम, या वयात असली गाडी..."

"कुणाचं वय? गाडीचं विचारत असाल तर सांगते. माझं विचारत असाल तर उभे राहून विचारा."

सेक्रेटरी उभे राहिले नाहीत. स्पीडब्रेकर मात्र पुढच्या रविवारी तासून घेतला गेला.

पण त्या नुसत्या मिरवणाऱ्यांतल्या नव्हत्या. गाडी आली तेव्हापासून त्या तिचा अभ्यास करत होत्या. मला म्हणाल्या, "तुझी गाडी पुढची चाकं ओढतात. बैलगाडीसारखं. हिची मागची चाकं ढकलतात. कोरड्यात मजा. निसरड्यात मात्र ढकलणाऱ्याचाच पाय सटकतो, आणि मग शेपूट म्हणतं, आधी मी." पावसाळ्यात त्या बेडकाला बंद पडलेल्या जकात नाक्यामागच्या मोकळ्या मैदानात न्यायच्या आणि चिखलात मुद्दाम घसरवायच्या. एकदा मला शेजारी बसवलं. गाडी गर्रकन फिरली, मी किंचाळले, आणि वसुताई शाळेतल्या बाईंसारख्या शांतपणे सांगत होत्या, "बघ, ब्रेक नाही मारायचा. घाबरला तो ब्रेक मारतो, आणि ब्रेक मारला की माझ्या टेबलावर येतो. शेपूट जिकडे पळतं तिकडेच स्टिअरिंग. सुटली. बघितलंस?" मी काही बघितलं नव्हतं. माझे डोळे मिटलेले होते.

एवढं सगळं निव्वळ हौसेपोटी चाललंय, असं आम्हाला वाटायचं. तसं ते होतंही. मग कुमुदताई आल्या.

कुमुदताई म्हणजे वसुताईंची थोरली बहीण. कुडाळला राहायच्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. डोळ्यांच्या उपचारासाठी मुलुंडला आल्या. पडद्याचा आजार होता. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शनं देत होते, पण गेलेलं परत येणार नाही, फक्त जाण्याचा वेग कमी होईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मधलं पुसत चाललं होतं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे, पण त्याच्या बाजूची खिडकी, कुंडी, भिंतीवरची पाल नीट दिसे. त्यामुळे त्या सगळ्यांकडे मान वाकडी करून, कडेने बघायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, या बाई आपल्याकडे संशयाने बघतायत. "तसा पण बघतंय," असं त्या वर म्हणायच्या.

दोघी बहिणींचं बोलणं म्हणजे दिवसभर चाललेली फुगडी. बेडूक पहिल्यांदा दाखवला तेव्हा कुमुदताईंनी त्याच्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गो वसू, ही गाडी की घमेला? हेच्यात बसूचा कसा?"

"आधी बूड टाकायचं, मग पाय."

"आणि उठूचा?"

"ते उतरताना बघू."

एका दुपारी मी तिथे असताना कुमुदताई सहज बोलून गेल्या. टीव्हीवर कुठल्याशा डोंगरातला बर्फ दाखवत होते. त्या टीव्हीच्या कडेला तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्या एक बघूचा ऱ्हवला. पडतो कसो तो. पडलेलो न्हय, पडताना." मग स्वतःच "जाऊ दे" म्हणून शेंगा सोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी वसुताई कुर्ल्याला गेल्या.

कुर्ल्याच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात बर्फाचं सामान कोण ठेवणार? बेडकाच्या मापाचे हिवाळी टायर मिळाले नाहीत ते नाहीतच. पण टायरवर बांधायच्या साखळ्या एका दुकानात कोपऱ्यात पडलेल्या निघाल्या, त्याही जीपच्या. वसुताईंनी वेल्डरकडून त्या मागच्या चाकांपुरत्या कापून, जोडून घेतल्या. शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललं होतं, तिथल्या सुपरवायझरला विचारून दोन गोणी वाळू आणली. "शेपूट हलकं आहे ना, म्हणून डिकीत वजन पाहिजे. आणि चाक फिरत राहिलं तर खाली टाकायलाही हीच."

"मनालीक वाळू घेऊन जातंस?" कुमुदताई म्हणाल्या. "थंय वाळू नाय?"

"असेल. पण ती बर्फाखाली असेल."

मग मीही ओढली गेले. कुमुदताई विमानाने चंदीगडला येणार, आणि मुंबई ते चंदीगड बेडकात वसुताईंशेजारी मी, असं ठरलं. मी नाही म्हणायच्या आत थर्ड पार्टीने माझी बॅग भरली होती. त्या प्रवासाविषयी एवढंच सांगते, की राजस्थानात प्रत्येक धाब्यावर माणसं आधी गाडीभोवती जमायची, मग साडीतली ड्रायव्हर बघून दोन पावलं मागे सरायची आणि मग चहाचे पैसे घ्यायला नकार द्यायची. वसुताई ते देऊनच निघायच्या. चंदीगडच्या विमानतळावर कुमुदताई व्हीलचेअरवरून महाराणीसारख्या बाहेर आल्या. पायांना काही झालं नव्हतं. "फुकट होती," म्हणाल्या.

तिथून पुढे माझी जागा कुमुदताईंना गेली. मी आणि सामान मागून येणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये. जीप चारही चाकांना जोर देणारी, आणि तिचा ड्रायव्हर रोशनलाल मनालीचाच. त्याने बेडकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मैडम, ये गाड़ी बर्फ में?" मी म्हटलं, "आप उनसे पूछिए." त्याने विचारलं नाही. शहाणा होता.

मनालीच्या वर एका गावात आम्ही उतरलो. आणि बर्फ पडेना. लख्ख ऊन. समोर पांढरे डोंगर, पण तो सगळा पडलेला बर्फ. कुमुदताई रोज सकाळी व्हरांड्यात येऊन मान वाकडी करून आभाळाकडे बघायच्या आणि आत जायच्या. पुढच्या इंजेक्शनची तारीख जवळ येत चालली होती. वसुताई वरवर थट्टा करायच्या, पण मी त्यांना प्रथमच त्यांचे आवडते खारे दाणे न खाता नुसते हातात धरून बसलेलं पाहिलं.

परतायच्या आदल्या दिवशी ढग आले. रोशनलालने फोन करून सांगितलं, वर घाटात सुरू होतंय. आम्ही निघालो. नाक्यावर पोलिसाने बेडूक थांबवला. साखळी नसलेली साधी गाडी वर सोडत नव्हते. वसुताई खाली उतरल्या. स्वेटरवर स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायात तेच कॅनव्हासचे बूट. डिकीतून कुर्ल्याच्या साखळ्या काढल्या आणि रस्त्याकडेला बसून स्वतः मागच्या चाकांना चढवल्या. तो पोलीस बघतच राहिला. "माताजी, कहाँ से आए हो?"

"मुलुंड," वसुताई म्हणाल्या. त्याला ते एखादं खेडं वाटलं असावं. त्याने मान डोलावली आणि सोडलं.

चढताना बेडूक झकास चढला. माझ्यासमोर त्याचं हिरवं शेपूट जरा जरा डुलत होतं, लग्नातल्या काकूंसारखं, पण थांबत नव्हतं. रोशनलाल म्हणाला, "चढ़ना तो ठीक है. उतरना देखेंगे."

वर एका सपाट वळणावर वसुताईंनी गाडी बाजूला घेतली, आणि तेवढ्यात सुरू झालं. आधी एकेक, विचारत विचारत. मग भरभरून. आवाजच नाही. मी आणि रोशनलाल जीपमधून उतरून जवळ गेलो. वसुताईंनी टप उघडला. सगळा बर्फ आत. कुमुदताई सीटवरून अर्ध्या उभ्या राहिल्या, समोर बघायचं सोडून मान या बाजूला केली, मग त्या बाजूला. डोळ्यांच्या कडांमधून तो पडत होता, दोन्हीकडून.

"गो वसू," त्या हळू म्हणाल्या, "वर कोणतरी नारळ खवता गो."

वसुताईंनी टोपी डोळ्यांवर ओढली. मी दुसरीकडे बघितलं. रोशनलालही पाठ फिरवून उभा होता; त्याला मराठी समजत असावं असं मला क्षणभर वाटलं.

पण मग बर्फ वाढतच गेला आणि खाली जाणं भाग पडलं. टप लावला, निघालो. दोन वळणं झाली नसतील, मला मागून दिसलं, बेडकाच्या चाकातून काहीतरी सटकून रस्त्यावर पडलं. कुर्ल्याच्या वेल्डरचा जोड. उजवी साखळी तुटली होती. पुढच्याच क्षणी शेपूट बाहेर गेलं, दरीकडे. ब्रेकचे लाल दिवे मात्र लागले नाहीत. पुढची चाकं शेपटाच्या दिशेला वळली, गाडी आडवी होता होता सरळ झाली आणि डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. अगदी हळू. उशीवर डोकं टेकावं तशी.

आम्ही धावलो. वसुताई इंजिन बंद करून दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्या बाहेर आल्या, तुटलेली साखळी बघितली, दुसरीही काढून टाकली. एकाच चाकाला ठेवणं जास्त वाईट, म्हणाल्या. मग बहिणीचं दार उघडलं.

"कुमुद, उतर. तू जीपमध्ये बस. ती गाडी चारी चाकांची आहे."

"आणि तू?"

"मी हिला घेऊन येते सावकाश. इथे आडवी ठेवली तर मागच्या सगळ्यांचा रस्ता बंद होईल."

"मी नाय उतरूचंय."

"हट्ट नको. मघाशी बघितलंस ना काय झालं?"

"समोरचा माका दिसणा नाय. म्हणान तर मी घाबरूक नाय," कुमुदताई म्हणाल्या. "तुका एकटीक सोडून मी जाऊचंय नाय. दार लाव, थंडी येता."

"मग निदान डोळे तरी मिटून बस."

"डोळे मिटूक हय इलंय काय मी?"

वसुताईंनी दार लावलं. डिकीतल्या वाळूची एक गोणी फोडून चाकांखाली पसरली, रोशनलालने आणि मी ढकललं, आणि बेडूक ढिगातून निघाला.

पुढचं मी जीपच्या काचेतून पाहिलं. वसुताईंनी गाडी मधल्या घट्ट, काचेसारख्या झालेल्या चाकोरीतून काढून डाव्या कडेच्या मऊ, कोणी न तुडवलेल्या बर्फावर घेतली. तिथे पकड होती. पण तिथेच, डोंगराच्या पायाशी, बर्फाने अर्धी झाकलेली गटार होती. एक चाक त्यात गेलं की संपलं. आणि चालवणारीला उजवीकडच्या सीटवरून ती दिसणं शक्य नव्हतं. डावी खिडकी खाली झाली. कुमुदताईंचं डोकं बाहेर आलं, शालीत गुंडाळलेलं. समोर बघण्याचा प्रश्नच नव्हता. त्या कडेने बघत होत्या, जन्मभर तेच केल्यासारख्या.

आमची खिडकीही उघडी होती. त्यांचा आवाज स्पष्ट येत होता; त्यांचं 'हाड' म्हणजे 'आण', कुत्र्याला हाकलणं नव्हे. "हाड, हाड... उजवीकडे घे. हां. आता ऱ्हव. अशीच. गटार इली गो, सांभाळ! मेल्यांनी दगड टाकलो मधी. उजवीकडे. शाबास!" माणूस चालेल तेवढ्या वेगाने बेडूक उतरत होता. मधूनच शेपूट हलायचं, सावरायचं. त्यामागे आमची जीप, आणि आमच्यामागे गाड्यांची रांग, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. रोशनलाल स्टिअरिंगवर ओठ मिटून बसला होता. एका वळणावर बेडूक अर्धा घसरला तेव्हा तो पुटपुटला, "छोड़ दो ब्रेक, छोड़ दो," आणि मग, "छोड़ दिया! वाह!"

नाक्यावर पोहोचलो तेव्हा सकाळचाच पोलीस होता. त्याने बिनसाखळीची चाकं बघितली आणि कपाळाला हात लावला. वसुताई बाहेर येऊन बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या. थांबेनातच. कुमुदताईंना मात्र सीटमधून उठता येईना. गारठून आखडल्या होत्या. मी आणि तो पोलीस, दोघांनी मिळून त्यांना उपटून काढलं.

"माझो आवाज बसलो," त्या घोगऱ्या स्वरात म्हणाल्या. "चाय खंय मिळता?"

परत आल्यावर वसुताईंनी आपलं शौर्य कोणाला सांगितलं नाही. सोसायटीत कोणी विचारलं की म्हणायच्या, "मी फक्त चालवत होते. सगळं ही बघत होती." कुमुदताई मात्र जिन्यात भेटेल त्याला थांबवून सविस्तर सांगायच्या, आणि दर वेळी ती गटार जरा रुंद व्हायची. इंजेक्शनं चालू राहिली. मधलं पुसणं थांबलं नाही, आणि आता कडाही धूसर व्हायला लागल्या आहेत. त्या कुडाळला परत गेल्या नाहीत. वसुताईंनी जाऊच दिलं नाही. "तुझी तिथे नुकसानभरपाई कोण भरणार?" एवढंच.

माझी आता मुलुंडहून बदली झाली आहे, त्यामुळे भेटी कमीच. परवा मात्र कामासाठी गेले होते. रिक्षात होते, सिग्नलला अडकले. शेजारून तो ओळखीचा खोकला ऐकू आला. बेडूक. टप उघडा, दोघी बहिणी आत, कुमुदताई काळा गॉगल लावून. मी हाक मारणार होते, पण वसुताई बोलत होत्या म्हणून थांबले. त्या रस्ता वाचून दाखवत होत्या.

"डावीकडे फुलवाला. झेंडू संपत आलाय त्याचा. एक माणूस फोनवर भांडतोय, बहुतेक बायकोशी. आणि समोर टेम्पो. कुणीतरी घर हलवतंय. गाद्या, पंखा, कुकर, आणि आपल्याकडे तोंड करून आरशाचं कपाट बांधलंय."

"आरशात काय दिसता?"

"आपण दोघी."

कुमुदताईंनी केस सारखे केले, पाठ ताठ केली. "कशी दिसतंव?"

वसुताईंनी मान पुढे काढून टेम्पोवरच्या आरशात नीट बघितलं, एखादा क्लेम तपासावा तसं. सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवायला लागले होते. वसुताईंना काहीच घाई नव्हती.

"झकास," त्या म्हणाल्या, आणि गिअर टाकला.